मामा माळकरी होते, तरी लिव्हरचा कॅन्सर कसा झाला?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. माझे मोठे मामा नुकतेच गेले. वय ५९, गाव बीड जिल्ह्यात. घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी, गळ्यात माळ, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. दिवाळीला धडधाकट होते. मग वजन उतरायला लागलं, पोट फुगलं, सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली. शहरात नेलं तर तिथे सीटी स्कॅन आणि एएफपी नावाची रक्ताची तपासणी झाली. 'लिव्हरचा कॅन्सर आहे, ऑपरेशनच्या पुढे गेलाय' असं सांगितलं. तुकडा काढून तपासलाच नाही. संक्रांतीनंतर गेले.

दहाव्याला आलेली चार माणसं ओट्यावर बसून कुजबुजत होती, "लिव्हर म्हणजे घेत असणार गुपचूप. माळ काय, वरची असते." मामीने ते ऐकलं. तेव्हापासून ती कुणाशी नीट बोलत नाही.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक, दारूचा थेंब न घेता हे होतं का, आणि होत असेल तर कशाने? दुसरी, नेटवर सगळीकडे लिहिलंय की भारतात लिव्हरच्या कॅन्सरचं प्रमाण जगाच्या मानाने कमी आहे. मग ते नेमकं आमच्याच घरात का यावं? आई मामांची धाकटी बहीण. तिने काही तपासून घ्यायला हवं का? आणि बायोप्सी न करता कॅन्सर ठरवणं बरोबर होतं का?

काळी_माती

ताई, सरळ कारण फवारणी. कापूस-सोयाबीनवर काय काय मारतात बघा, तेच बोअरच्या पाण्यात उतरतं. शिवाय शेंगदाण्यातल्या बुरशीच्या विषाने लिव्हरचा कॅन्सर होतो असं वाचलंय. मी तर दाण्याची चटणी बंद केली.

नोंदवही

ताई, वाचून वाईट वाटलं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. नोकरीची बरीच वर्षं कॅन्सरच्या नोंदणीत गेली. मोटारसायकल काढायची, गावात जायचं, सरपंच, कोतवाल, मास्तर, गावचा डॉक्टर यांच्याजवळ बसायचं. कुणाला गाठ झाली, कोण मुंबईला 'टाटा'ला गेलं, कोण वारलं हे विचारायचं. मग तेच नाव तालुक्याच्या दवाखान्यात, लॅबमध्ये, ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या रजिस्टरात शोधून जुळवायचं. आपल्याकडे हे काम जुनं आहे. देशातली पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी बार्शीला, १९८७ साली. आमच्या फॉर्मवर सगळ्यात जास्त छळणारा अवयव कुठला म्हणाल तर लिव्हर.

का ते सांगतो. 'लिव्हरचा कॅन्सर' म्हणून गावात सांगितलेल्या कितीतरी केसेस मुळात लिव्हरच्या नसतात. आतड्याचा, जठराचा, स्वादुपिंडाचा, बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर रक्तावाटे लिव्हरमध्ये येऊन बसतो. सोनोग्राफीत गाठी लिव्हरमध्ये दिसतात, घरच्यांच्या तोंडी 'लिव्हर' राहतं, दाखल्यावरही तेच उतरतं. आमच्या कोडात लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर सी-२२ आणि दुसरीकडून आलेला सी-७८.७. पित्ताशयाचा आणखी वेगळा, सी-२३. तो गंगेच्या पट्ट्यात आणि आसामात भरपूर, आणि शेजारच्या लिव्हरमध्येच घुसतो. त्यामुळे नातेवाईक आले की माझा पहिला प्रश्न असायचा, "फाइल आणलीय का?" तुम्हालाही तोच विचारतो.

मात्र बायोप्सी केली नाही म्हणून तुम्ही शंका घेताय ती बहुतेक रास्त नाही. सिऱ्होसिस (लिव्हर वण पडून कडक होणं) किंवा जुना हेपेटायटिस बी (लिव्हरला सूज आणणारा विषाणू) असलेल्या माणसात गाठ सीटीच्या पहिल्या टप्प्यात आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा उजळ दिसली आणि पुढच्या टप्प्यात फिकी पडली, तर तेवढ्यावर निदान पक्कं धरतात. एएफपी खूप वाढलेलं असेल तर त्याला बळ मिळतं. पोटात पाणी, रक्त गोठायला उशीर, अशा अवस्थेत लिव्हरला सुई टोचण्यात रक्तस्रावाची भीती असते. बाकीच्या बहुतेक कॅन्सरला मायक्रोस्कोपखालचा पुरावा लागतो, इथे नेहमीच लागत नाही. आमच्या कामाची तपासणी करायला येणारे 'किती टक्के केसेस मायक्रोस्कोपखाली पक्क्या?' म्हणून विचारायचे आणि लिव्हरचा रकाना कायम कमी भरायचा. त्यात आमचा आळस नव्हता, आजाराची रीतच तशी.

आता 'भारतात कमी' या वाक्याकडे येतो. आकडा खोटा नाही. ग्लोबोकॅन म्हणजे जगभरच्या कॅन्सरच्या आकड्यांचा अंदाज, त्याच्या २०२० च्या आवृत्तीत भारतात लिव्हरच्या कॅन्सरचे सुमारे ३५ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ३४ हजार मृत्यू आहेत. वयाचा हिशेब बसवून वर्षाला लाखामागे अडीच-तीन. मंगोलियात हाच दर ऐंशीच्या पुढे जातो. जगभरातल्या नऊ लाख नव्या केसेसपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या चीनमध्ये. त्यांच्यापुढे आपण कमीच. पण रुग्ण आणि मृत्यू हे दोन आकडे किती जवळ आहेत बघा. आपल्याकडे बहुतेकांना कळतं तेव्हा वेळ गेलेली असते, तुमच्या मामांसारखीच.

दुसरी गोष्ट, हे आकडे उभे कशावर आहेत? लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदणीखाली देशातली साधारण दहा टक्के माणसं येतात. २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून दिलेले जेमतेम २२ टक्के होते. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं पोट फुगतं, डोळे पिवळे होतात, घरचे गावठी औषध आणतात, कुणी काविळीची माळ घालतं, आणि तो वारतो. रजिस्टरात काय लिहितात? 'कावीळ' किंवा 'वृद्धापकाळ'. त्याच्या लिव्हरमध्ये गाठ होती की नाही ते कुणालाच कळत नाही.

२०१२ ते २०१६ या काळाच्या राष्ट्रीय अहवालात सगळ्या कॅन्सरचा मिळून देशातला सर्वात कमी दर तुमच्याच बीड-उस्मानाबादचा आहे. पुरुषांत लाखामागे ३९.५. मिझोरामच्या ऐजॉलमध्ये २६९.४. काही फरक खरा असणार, कारण तिथलं तंबाखू-खाणंपिणं वेगळं. पण निम्मा जिल्हा ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतो, आजार पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतो, उपचार तिसऱ्याच ठिकाणी. नोंदणीत माणूस राहत्या गावाच्या नावावर लागला पाहिजे, पण कोयत्यावर गेलेल्या माणसाचा पत्ता धरून ठेवणं किती कठीण आहे ते मी पाहिलंय. म्हणून माझं मत असं की भारतात हा कॅन्सर चीन-मंगोलियाएवढा नक्कीच नाही, पण कागदावर दिसतो त्याहून जास्त आहे.

आता दारू. ती कारण आहेच, पक्कं कारण, आणि वाढतंय. पण यादीत ती एकटी नाही. हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी, आणि मधुमेह-लठ्ठपणातून येणारं चरबीचं लिव्हर हीसुद्धा तितकीच खरी कारणं आहेत. माळ घालून दारू टाळता येते, बाकीची तिन्ही माळेला जुमानत नाहीत.

आपल्या देशात जुन्या काळापासून हेपेटायटिस बीचा वाटा मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये भारतात २.९८ कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू होता, सी असलेले ५५ लाख. बीची खोड अशी की मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर तो बाहेर काढून टाकतं, शंभरात पाचांपेक्षाही कमी लोकांत तो राहतो. जन्मताना आईकडून लागण झाली तर मात्र शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. चाळीस-पन्नास वर्षं ना दुखत, ना खुपत. तो विषाणू पेशीच्या गुणसूत्रातच शिरत असल्याने कधी कधी सिऱ्होसिस न होताच थेट कॅन्सर होतो.

मामांच्या पिढीला लस नव्हती. देशभर सगळ्या बाळांना ती मिळायला लागली २०११ मध्ये. त्यांच्या लहानपणी काचेची सिरिंज आणि तीच सुई, उकळली तर उकळली, नाहीतर स्पिरिटचा बोळा फिरवून पुढच्या दंडात. हा फार जुना इतिहास आहे असंही नाही. २००९ मध्ये गुजरातेत मोडाशाला वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हेपेटायटिस बीची मोठी साथ आली, कित्येक माणसं मेली.

तेव्हा ताई, फाइल काढा आणि तीन ओळी शोधा. 'एचबीएसएजी' (हेपेटायटिस बीची तपासणी), 'अँटी-एचसीव्ही' (सीची) आणि मामांना साखर होती का.

काळी_माती

म्हणजे शेंगदाण्याचं खोटं?

नोंदवही

खोटं नाही दादा. बुरशीच्या त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, आणि ते कॅन्सर करतं यात वाद नाही. १९७४ च्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला मका आदिवासींनी खाल्ला. जवळपास चारशे जणांची लिव्हर बिघडली, शंभरावर माणसं गेली. त्याच घरांतल्या कुत्र्यांच्याही पोटात पाणी झालं होतं. ती एकदम मोठ्या मात्रेची विषबाधा. कॅन्सर होतो तो थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेल्याने.

शांघायमधल्या एका अभ्यासात फक्त हे विष शरीरात सापडलेल्यांना धोका साडेतीनपट होता, फक्त हेपेटायटिस बी असलेल्यांना सातपट आणि दोन्ही असलेल्यांना जवळपास साठपट. बेरीज नाही, गुणाकारापेक्षाही जास्त. त्यामुळे चटणी बंद करण्याआधी स्वतःची एचबीएसएजी करून घ्या, ते जास्त उपयोगाचं. चटणी खा, फक्त शेंगा नीट वाळलेल्या असू द्या. सुरकुतलेले, काळपट, फोडल्यावर पोटात हिरवी-पिवळी बुरशी दिसणारे दाणे फेकून द्या. भाजल्याने विष थोडं कमी होतं, जात नाही. आणि किडके दाणे वेगळे काढून घाण्यावर देण्याची सवय सोडा, कच्च्या घाण्याच्या तेलातही ते उतरतं.

फवारणीचे इतर दुष्परिणाम भरपूर आहेत, यवतमाळमध्ये २०१७ ला माणसं मेली ती आपण विसरलो नाही. पण या कॅन्सरच्या बाबतीत वरच्या कारणांपुढे तिचा पुरावा तोकडा आहे.

सातारकर_ईशान्येत

मी बँकेच्या नोकरीत इटानगरला आहे. नोंदवही यांनी ऐजॉलचं नाव घेतलं म्हणून लिहितोय. इथे लिव्हरचा विषय प्रत्येक घरात निघतो. ऑफिसातला एक सहकारी ऐन चाळिशीत गेला. इथे तांदळाची अपोंग पाहुण्याला पाण्यासारखी देतात, बायकाही घेतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सगळे म्हणतात दारूमुळेच. तसंच आहे का?

नोंदवही

तुम्ही जिथे बसला आहात तो पापुमपारे जिल्हा. त्याच अहवालात लिव्हरच्या कॅन्सरमध्ये पुरुष आणि बायका दोन्हींत देशात पहिला. दारूचा वाटा आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत अरुणाचलात १५ वर्षांपुढचे ५३ टक्के पुरुष आणि २४ टक्के बायका दारू घेत होत्या. देशाची सरासरी अनुक्रमे १९ आणि १. पण ईशान्येकडच्या आणि अंदमान-निकोबारच्या काही जमातींत हेपेटायटिस बीही देशाच्या कित्येक पट आढळलाय. निकोबारी लोकांत दर चार-पाच माणसांमागे एक. म्हणजे एका लिव्हरवर दोन मारेकरी. तुमच्या सहकाऱ्याला विषाणू होता का हे कुणी तपासलं होतं? बहुतेक 'पीत होता' म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नसेल. बीडच्या ओट्यावर उलटं झालं, आजार आधी कळला आणि त्यावरून दारू ठरवली.

पंजाबात तिसरीच तऱ्हा, तिथे सी जास्त. सुया, इंजेक्शनचा शौक आणि नशा. त्या सरकारने २०१६ पासून फुकट गोळ्या सुरू केल्या. सीचं एक बरं, साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो मुळातून जातो. बी आटोक्यात राहतो, सहसा जात नाही.

औषधवाला

थोडं विषयांतर, पण मराठी माणसाला माहीत असावं. लिव्हर आणि किडनीच्या पुढच्या अवस्थेतल्या कॅन्सरची सोराफेनिब ही गोळी बायर कंपनी महिन्याला २ लाख ८० हजारांना विकत होती. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसातून देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची मुभा) निघाला आणि नॅटको कंपनीने तीच गोळी ८,८८० रुपयांत दिली. कंपनी कोर्टात गेली, परवाना टिकला. गोळीने आयुष्य काही महिने वाढतं, बरं होत नाही, हेही खरं.

गोदाकाठची

फाइल मिळाली. मामीने लोखंडी पेटीत ठेवली होती. एचबीएसएजी: रिॲक्टिव्ह, म्हणजे विषाणू होता. अँटी-एचसीव्ही: नॉन-रिॲक्टिव्ह. साखर होती, कित्येक वर्षं गोळी चालू. सीटीच्या रिपोर्टमध्ये सिऱ्होसिस आणि तुम्ही सांगितलंत तसंच उजळ-फिकं वर्णन आहे. एएफपी चार आकडी. म्हणजे दारू नव्हती हे मी आता त्या चार जणांना तोंडावर सांगू शकते. पण हा विषाणू घरात कुणाला कळलाच नव्हता?

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण हेपेटायटिस बी हा एड्ससारखा संबंधांतूनही पसरतो. ते ओट्यावर सांगायला गेलात तर लोक दारू सोडून दुसरं काहीतरी बोलायला लागतील.

नोंदवही

स्पष्टवक्ते, वर मी काय लिहिलं ते वाचा. संबंधांतून पसरतो, बरोबर. पण मोठेपणी झालेली लागण सहसा टिकतच नाही. साठीला टेकलेल्या माणसाला या विषाणूने सिऱ्होसिस आणि कॅन्सर होतो, तेव्हा तो बहुधा त्याच्या जन्मापासून किंवा लहानपणापासूनचा पाहुणा असतो. गेलेल्या माणसाची आधी दारू काढली, आता हे. पुरे.

ताई, आजाराचं नाव घरच्यांना कळतं, पण त्याचा अर्थ कुणी बसून सांगत नाही. लाल शाईत 'रिॲक्टिव्ह' लिहिलेला कागद ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत वर्षानुवर्षं पडून असलेला मी किती फायलींत पाहिलाय. मामांचं कधी मोतीबिंदू-हर्निया झालं होतं का? असेल तर त्या कागदातही सापडेल.

आता मुद्द्याचं. मामांना हा आजीकडून किंवा लहानपणी घरातून आला असेल, तर तुमची आई आणि बाकीची भावंडं त्याच घरातली. मामी आणि मामांची मुलंही. सगळ्यांची एचबीएसएजी करा. जिल्हा रुग्णालयात होते. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय हेपेटायटिस कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. निगेटिव्ह आलेल्यांना आधी कधी लागण होऊन गेली का ते दुसऱ्या रक्तचाचणीत कळतं, नसेल तर लसीचे तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी.

आई रिॲक्टिव्ह निघाली तरी तिला कॅन्सर झाला असं नाही. रक्तातला विषाणू मोजतात, लिव्हरच्या तपासण्या करतात, गरज असेल तर रोज एक टेनोफोव्हिर, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी गोळी. पण सख्ख्या भावाला हा कॅन्सर झालेला असल्याने सिऱ्होसिस नसला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगतील. ती चुकवू नका. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर जाळून किंवा कापून काढता येते. तैवानने १९८४ मध्ये बाळांना लस सुरू केली आणि दहा-बारा वर्षांत तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर निम्म्यावर आला. आपली २०११ नंतरची मुलं सुटतील, तुमच्या आईच्या पिढीला सोनोग्राफीच करावी लागणार.

आणि घरात कुणी मामांची ताटं-भांडी वेगळी काढली असतील तर परत मांडणीत लावा. जेवणातून, पाण्यातून, मिठीतून हा पसरत नाही. पाण्यातून येते ती ए आणि ई कावीळ, २०१२ ला इचलकरंजीत झाली तशी. तिने कॅन्सर होत नाही. वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा.

गोदाकाठची

मोतीबिंदू झालं होतं. कागद शोधते. आई, मावशी आणि मामेभाऊ सोमवारी जिल्हा रुग्णालयात जातायत. एकच राहिलं. मामेभावाची बायको सातव्या महिन्यात आहे. तिचं काय?

नोंदवही

तिला सोमवारपर्यंत थांबवू नका, उद्याच तपासणी करा. गरोदरपणाच्या कार्डावर कदाचित आधीच झालेली असेल, आधी ते बघा. रिॲक्टिव्ह असेल आणि रक्तात विषाणू जास्त असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिलाच गोळी देतात, म्हणजे सातवा महिना अगदी वेळेवर आहे. बाळंतपण जिथे ठरलंय तिथे आधीच सांगून ठेवा, कारण बाळाला चोवीस तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन लागतं. ते इंजेक्शन लहान गावात ऐनवेळी मिळत नाही, आधी मागवून फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. अंगावर पाजायला हरकत नाही. ती निगेटिव्ह असेल तरी बाळाची पहिल्या दिवसाची लस चुकवू नका. रविवारी बाळंतपण झालं की ती सोमवारवर ढकलतात, तेवढं भांडून करून घ्या.